अंगठी समुद्रात कोणी फेकली? जुन्या जोड्यांच्या गोष्टी स्टेजवर सांगण्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात कोजागिरीला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, विषय ठेवलाय पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्या जोड्या, कराओकेवर १६ गाणी आणि मधलं निवेदन तुमच्याकडे आलंय. नेटवर शोधायला गेलात तर एकच गोष्ट पाच ठिकाणी पाच प्रकारे, त्यामुळे खरं काय, मसाला काय, आणि यातलं स्टेजवर सांगायचं काय हे कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली २७ वर्षं हेच काम करते. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, अधूनमधून बडोदा-इंदूरची महाराष्ट्र मंडळं, वाद्यवृंदाबरोबर पण आणि आता जास्त करून ट्रॅकवरचे कार्यक्रम. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रेक्षकांची वयं मोजा. आज जे ७० ते ८०चे आहेत ते 'मुगल-ए-आझम' लागला तेव्हा, म्हणजे ५ ऑगस्ट १९६०ला, शाळेत होते किंवा शाळेत जायचेही नव्हते. त्यांनी मधुबालेला पहिल्या दिवशी पहिल्या शोला पाहिलेलं नाही, मॅटिनीला पाहिलंय, गणपतीत रस्त्यावर पडदा लावून पाहिलंय, नाहीतर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाल्यावर शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून पाहिलंय. आणि गाणी रेडिओ सिलोनवर, बुधवारी रात्री अमीन सायानींच्या आवाजात. म्हणजे त्यांच्या मनात दोन काळ एकमेकांवर बसलेत, एक त्या नटनटीचा आणि एक स्वतःचा, सलूनमध्ये पडलेल्या रसरंग नि चंदेरीच्या अंकांचा, कॉलेजच्या कट्ट्याचा. निवेदन करताना दोन्ही काळांना हात लागला पाहिजे. नुसतं जन्मसाल-मृत्यूसाल वाचून दाखवलं तर लोक समोसा कधी येतोय ते बघत बसतात.

आता खरं-खोटं. माझा नियम एकच आहे आणि तो मी बऱ्याच ठेचा खाऊन शिकले: गोष्ट ज्याची, त्याच्या तोंडची असेल तरच सांगायची. त्या माणसाने स्वतः लिहिली असेल, मुलाखतीत सांगितली असेल, किंवा कोर्टात-कागदावर असेल. 'असं म्हणतात' वाली गोष्ट कितीही गोड असली तरी संहितेत घ्यायची नाही. आणि ज्या ठिकाणी ती माणसं गप्प राहिली तिथे आपण पण गप्प राहायचं, पुढचं गाणं लावायचं.

तुम्ही लिहिलेली अंगठीचीच गोष्ट घ्या, कारण त्यात सगळा घोळ एका जागी सापडतो. देव आनंद आणि सुरैया १९४८च्या 'विद्या'च्या सेटवर भेटले. तेव्हा मोठं नाव तिचं होतं हे आजच्या लोकांना सांगावंच लागतं, कारण पुढे देव आनंद इतका मोठा झाला की लोकांना वाटतं तो हिरो नि ती कोणीतरी हिरोईन. उलट होतं. ती गाणारी नटी, स्वतःची गाणी स्वतः गायची, सैगलबरोबर काम केलेली, आणि हा नवखा. 'विद्या'पासून १९५१च्या 'सनम'पर्यंत दोघांनी सात सिनेमे केले, त्यात देवच्या 'नवकेतन' या निर्मिती संस्थेचा पहिलाच सिनेमा 'अफसर' पण आला, १९५०चा. याच तीन वर्षांत ते प्रेमात पडले नि याच तीन वर्षांत सगळं संपलं. फाळणी होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मुलगा हिंदू मुलगी मुसलमान, घरात आजीचा शब्द शेवटचा, आणि आजीचा ठाम नकार.

देवने तिला हिऱ्याची अंगठी दिली होती. ती अंगठी शेवटी समुद्रात गेली, इथपर्यंत सगळ्या गोष्टी सारख्या आहेत. पण फेकली कोणी? एका गोष्टीत आजीने हिसकावून फेकली. दुसऱ्या गोष्टीत सुरैयाने स्वतः समुद्रावर जाऊन, शेवटचं एकदा बघून, फेकली. ही दुसरी गोष्ट देव आनंदच्या २००७च्या आत्मचरित्रातली आहे, पण तिथेही ती त्याच्या कानावर आलेली गोष्ट आहे, तो काही तिथे किनाऱ्यावर उभा नव्हता. मग आपण स्टेजवर काय म्हणायचं? मी म्हणते: "मरीन ड्राइव्हच्या कृष्ण महलमध्ये ती राहायची, समोर समुद्र, आणि त्या समुद्रात ती अंगठी गेली." बस. कोणाच्या हातून गेली ते मी सांगत नाही.

यात अजून एक गंमतीचा गुंता झालाय जो गेल्या काही वर्षांत नेटमुळे वाढला. समुद्रात गेलेली अंगठी एक नाही, दोन आहेत! दुसरी 'बॉबी'च्या वेळची. ऋषी कपूरने २०१७च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की त्याच्या एका मैत्रिणीने त्याला दिलेली अंगठी शूटिंगच्या काळात डिंपलने सहज बोटातून काढून घातली, पुढे राजेश खन्नाने लग्नाची मागणी घातली तेव्हा त्याला ती तिच्या बोटात दिसली आणि त्याने ती जुहूच्या समुद्रात फेकून दिली. म्हणजे १९५१च्या सुमाराची एक अंगठी मरीन ड्राइव्हला नि १९७३ची एक जुहूला, समुद्र एकच. आता नेटवर लोक या दोन्ही एकत्र कालवतात, तुम्ही पाठवलेल्या लिंकमध्ये पण तसंच झालंय असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तुमच्या कार्यक्रमात मात्र या दोन अंगठ्या मध्यंतराच्या अलीकडे एक नि पलीकडे एक ठेवा, फार सुंदर जुळतं, लोक आपोआप 'हां!' करतात.

बरं, आजीबद्दल. हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. साधारण वीस वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका हॉलमध्ये मी ही गोष्ट सांगितली होती, तेव्हा माझ्या संहितेत आजी म्हणजे अगदी खलनायिका, मी आवाज बदलून तिचे संवाद वगैरे म्हणायचे, लोक टाळ्या द्यायचे. कार्यक्रम संपल्यावर सगळे पांगले, मी वायर गुंडाळणाऱ्या साउंडवाल्याशी बोलत उभी, तर एक आजी आल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी, वय ८०च्या पुढचं. म्हणाल्या, "बाई, छान बोलतेस. पण माझ्या वडलांनीपण नाही म्हटलं होतं गं. मी ज्याला पसंत केलं होतं तो दुसऱ्या जातीचा होता. मी काही वडलांना राक्षस म्हटलं नाही कधी. त्यांना भीती वाटली असणार." एवढं बोलून त्या गेल्या. मला त्यांचं नाव पण विचारायचं सुचलं नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी संहितेची ती दोन पानं फाडली. तेव्हापासून माझ्या कुठल्याच गोष्टीत खलनायक नसतो. १९४८-५०च्या मुंबईत एका मुसलमान घरातल्या म्हाताऱ्या बाईला काय काय भीती वाटली असेल हे आपण एसी हॉलमध्ये माईक धरून ठरवू शकत नाही, एवढं तर नक्की.

आणि सुरैयाने लग्न केलं नाही, ३१ जानेवारी २००४ला गेली. १९६३च्या 'रुस्तम सोहराब'नंतर तिने सिनेमात काम केलं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये 'त्याच्या आठवणीत झुरत राहिली' असं एक वाक्य सगळे निवेदक घालतात. घालू नका. देवचं लग्न १९५४ साली 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या शूटिंगमध्ये लंच ब्रेकला झालं, कल्पना कार्तिकशी, आणि परत सगळे शॉट द्यायला उभे राहिले. ही गोष्ट सांगा, लोकांना फार आवडते, आणि ती खरी आहे.

आता मधुबाला-दिलीपकुमार. यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय आणि तुमचा निम्मा कार्यक्रम इथेच असणार, म्हणून जरा थांबून सांगते.

चार सिनेमे: 'तराना' १९५१, 'संगदिल' १९५२, 'अमर' १९५४ आणि 'मुगल-ए-आझम' १९६०. मधुबालेचा जन्म १४ फेब्रुवारी १९३३चा, म्हणजे 'तराना'च्या वेळी ती १८ची. घरात वडील अताउल्ला खान, मोठं कुटुंब, आणि लहानपणापासून घर चालवणारी ही एकटी. तिच्या हृदयाला जन्मतः भोक होतं. हे सगळं एकत्र डोळ्यासमोर आणल्याशिवाय पुढचं कळत नाही.

लोकांना वाटतं वडिलांनी नाही म्हटलं आणि प्रेम तुटलं, विषय संपला. दिलीपकुमारने २०१४च्या आत्मचरित्रात वेगळंच लिहिलंय, की वडील लग्नाच्या विरोधात नव्हते, उलट त्यांना हे लग्न म्हणजे एका घरातली निर्मिती संस्था आणि दोन मोठे स्टार असा धंद्याचा विषय करायचा होता नि ते त्याला पटलं नाही. मधुबालेची बहीण मुलाखतींमधून सांगते की वडिलांची माफी माग एवढंच मधुबालेचं म्हणणं होतं आणि तो तयार झाला नाही. बघा, दोन जवळची माणसं, दोन्ही खरं बोलत असतील, आणि दोन गोष्टी. मी दोन्ही सांगते, आधी त्याची मग बहिणीची, आणि निकाल देत नाही. मधुबालेने स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही, २३ फेब्रुवारी १९६९ला ३६व्या वर्षी गेली, त्यामुळे तिची बाजू आपल्याकडे नाहीच, आणि हे वाक्य मी दर कार्यक्रमात म्हणते. हॉल एकदम शांत होतो तिथे.

पण जे कागदावर आहे ते कुठल्याही मसाल्यापेक्षा भारी आहे. 'नया दौर'. बी. आर. चोप्रांनी मधुबालेला घेतलं, काही काम झालं, मग भोपाळच्या बाजूला मोठं आउटडोअर ठरलं. वडिलांनी मुलीला पाठवायला नकार दिला. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतलं आणि पेपरात जाहिरात दिली, त्यात मधुबालेचं नाव छापून त्यावर फुली मारलेली आणि बाजूला वैजयंतीमालाचं नाव. विचार करा, सकाळी चहाबरोबर पेपर उघडल्यावर अख्ख्या मुंबईला दिसलं असेल ते. प्रकरण कोर्टात गेलं, साल १९५७. आणि साक्षीला कोण, तर दिलीपकुमार, आणि तो उभा राहिला चोप्रांच्या बाजूने. त्या साक्षीत, भर कोर्टात, त्याने सांगितलं की माझं तिच्यावर प्रेम आहे आणि ते मरेपर्यंत राहील. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली दिली ती तिच्या विरुद्धच्या खटल्यात! 'नया दौर' लागला, तुफान चालला, चोप्रांनी पुढे खटला मागे घेतला. पण ती दोघं मागे आली नाहीत.

ही गोष्ट सांगताना मी कागदावरून डोळे वर करते, हातवारे करत नाही, आवाज चढवत नाही. एवढी मोठी गोष्ट साध्या आवाजातच सांगायची असते. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, आवाज भरून आणण्याचा मोह होईल, तो टाळाच.

त्यानंतर पिसाचा प्रसंग. 'मुगल-ए-आझम'मध्ये रात्रीची बाग आहे, वरून फुलं पडतायत, लांबून तानसेनाचा आवाज येतोय आणि सलीम एका पांढऱ्या पिसाने अनारकलीच्या चेहऱ्यावरून हळूच फिरवतोय. तिचे डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. एकही संवाद नाही. तो आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, सोहनी राग. खाँसाहेब सिनेमात गायला तयार नव्हते, टाळायचं म्हणून त्यांनी एका गाण्याचे २५ हजार मागितले, तेव्हा मोठमोठ्या पार्श्वगायकांना काही शे रुपये मिळायचे, आणि दिग्दर्शक के. आसिफ हो म्हणून मोकळे झाले. आता यातलं मुख्य: दिलीपकुमारने आत्मचरित्रात लिहिलंय की हा प्रसंग चित्रित झाला तेव्हा ती दोघं एकमेकांशी साधं बोलतही नव्हती, नमस्कार-चमत्कार पण बंद. जे अख्ख्या देशाने प्रेम म्हणून बघितलं त्या वेळी त्या दोघांमध्ये काहीही शिल्लक नव्हतं, होतं ते त्यांचं काम. मी हा प्रसंग शेकडो वेळा पाहिलाय, माहीत असूनही मला तो खोटा वाटत नाही. तुमच्याकडे प्रोजेक्टर असेल तर ३० सेकंद दाखवा, पण हे सांगून झाल्यावर दाखवा, आधी नाही.

'मुगल-ए-आझम' लागला त्या मराठा मंदिर थिएटरचं वर्णन नक्की करा, कारण तुमच्या लोकांपैकी कोणीतरी मुंबई सेंट्रल, ताडदेव, नाहीतर सात रस्त्याचं निघतंच. तिकिटासाठी लोक दिवसेंदिवस रांगेत, घरून डबे येतायत, तिथेच अंथरूण. माझ्या एका कार्यक्रमात हे सांगताना मागच्या रांगेतून एक काका उठले नि म्हणाले, "माझा मोठा भाऊ होता त्या रांगेत, डबा मी घेऊन जायचो." मी पाच मिनिटं माईक त्यांनाच दिला. माझ्या निवेदनातलं काहीही तेवढं लक्षात राहिलं नसेल लोकांच्या. तुम्ही पण एक दुसरा माईक खाली प्रेक्षकांत ठेवा, कॉर्डलेस, आणि एका तरुण मुलाला तो धरून फिरवायला सांगा.

१९६० सालीच मधुबालेने किशोरकुमारशी लग्न केलं. 'चलती का नाम गाडी'तली ती जोडी. आजार वाढत गेला, लंडनला नेलं, डॉक्टरांनी थोडीच वर्षं दिली होती, पण ती नऊ वर्षं जगली. इथे पण किशोरकुमारला नालायक ठरवणारे नि देव ठरवणारे दोन्ही प्रकारचे निवेदक मी पाहिलेत. नको. दिलीपकुमारने १९६६ साली सायरा बानूंशी लग्न केलं आणि ते ७ जुलै २०२१ला तो जाईपर्यंत, ५४ वर्षं टिकलं, हे सांगायला विसरू नका. लोक मधुबालेच्या गोष्टीत सायराबाईंना विसरतात, मला ते बरं वाटत नाही.

राज कपूर-नर्गिस हा विषय तुमच्यासाठी जरा नाजूक, कारण राज कपूर विवाहित होता, १९४६ पासून, आणि प्रेक्षकांत बसलेल्या बायका त्या गोष्टीत पहिल्यांदा त्याच्या बायकोला, कृष्णाबाईंना शोधतात. 'बरसात' १९४९चा, त्यातली एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली ती, हे चित्र आर. के.चं बोधचिन्ह झालं, चेंबूरच्या स्टुडिओच्या फाटकावर लागलं. 'श्री ४२०'मधली छत्री सगळ्यांना माहितीये, पण त्या गाण्यात रेनकोट घालून चालणारी तीन मुलं म्हणजे राज कपूरचीच, सगळ्यात छोटा ऋषी, आणि तो पावसात चालायला तयार नव्हता म्हणून नर्गिसने त्याला चॉकलेट दाखवून चालवलं, हे त्यानेच सांगितलंय. हे सांगितलं की हशा येतो, आणि तो हवाच, कारण पुढचं जड आहे.

पुढचं म्हणजे १९५६चा 'जागते रहो'. अख्खी रात्र एक तहानलेला खेडवळ माणूस घोटभर पाण्यासाठी शहरातल्या एका मोठ्या इमारतीत भटकतोय, सगळे त्याला चोर समजतायत. पहाट होते तेव्हा अंगणात एक बाई भेटते, कळशीतून त्याच्या ओंजळीत पाणी ओतते, तो पितो. सिनेमा संपला. ती बाई नर्गिस, आणि दोघांचं एकत्र काम तिथेच संपलं. त्यानंतर ती आर. के.त परत आली नाही. बघा, यात मी एक शब्द वाढवला नाही आणि वाढवायची गरजही नाही.

मग १९५७चा 'मदर इंडिया', गुजरातमध्ये उमरा गावी आगीचा प्रसंग चालू होता, वारा फिरला, नर्गिस आगीत अडकली, आणि सिनेमात तिचा मुलगा झालेला सुनील दत्त आत घुसला नि तिला बाहेर काढलं, स्वतः भाजला. ११ मार्च १९५८ला लग्न. इथे बहुतेक जण थांबतात, पण मी अजून एक गोष्ट सांगते जी ऋषी कपूरच्या पुस्तकात आहे. १९८०ला ऋषी-नीतूचं लग्न, चेंबूरला. सुनील दत्त नर्गिसला घेऊन आले. 'जागते रहो'नंतर २४ वर्षांनी ती आर. के.च्या आवारात पाऊल टाकत होती, अवघडलेली होती. कृष्णाबाईंनी तिला बाजूला नेलं आणि सांगितलं, माझा नवरा देखणा आहे, रसिक पण आहे, त्याचं आकर्षण वाटणं मी समजू शकते, मागचं मनात ठेवू नका, तुम्ही माझ्या घरी आनंदाच्या दिवशी आलात, आज आपण मैत्रिणी म्हणून इथे आहोत. पुढच्याच वर्षी, ३ मे १९८१ला नर्गिस गेली. मी हे सांगते तेव्हा बायकांच्या बाजूच्या खुर्च्यांमध्ये पदर डोळ्याला लागलेले दिसतात. या गोष्टीनंतर लगेच गाणं सुरू करायला सांगू नका, ट्रॅकवाल्याला आधीच सांगून ठेवा, पाच सेकंद थांब म्हणून.

गुरुदत्त-गीता दत्तबद्दल तुम्ही विचारलंय. त्यांचं लग्न मे १९५३चं, तेव्हा ती गीता रॉय, नामांकित गायिका. १९५९चा 'कागज के फूल' भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, आणि त्यातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन वळवून स्टुडिओत आणलेला तो प्रकाशाचा झोत. गाणारी गीता, दिग्दर्शक तिचा नवरा, आणि घर तोपर्यंत विस्कटलेलं. एवढंच सांगा. तिसऱ्या माणसाचं नाव घेऊन जे नेटवर पसरलंय त्याबद्दल ती व्यक्ती कधी बोललेली नाही, मग तुम्ही-मी कोण? हाच न्याय सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या त्या सगळ्या हयात मंडळींना लावा ज्यांच्याबद्दल दर दिवाळीला कोणीतरी नवीन लेख लिहितं. प्रेक्षकांतून कोणी ओरडून नाव घेतलंच, आणि घेतातच, तर हसून म्हणायचं "ते त्यांनाच विचारूया" आणि पुढे जायचं.

राजेश खन्ना मात्र घ्याच. गिरगावचा मुलगा आहे तो, ठाकुरद्वारला वाढलेला, आपल्या लोकांना त्याचं वेगळंच अप्रूप. मार्च १९७३ला त्याचं डिंपलशी लग्न, आणि 'बॉबी' लागला सप्टेंबर १९७३ला. म्हणजे ज्या मुलीवर सगळं कॉलेज लट्टू झालं होतं तिचं लग्न सिनेमा लागायच्या सहा महिने आधीच झालेलं! तुमच्या प्रेक्षकांत तेव्हाची कॉलेजची पोरंच बसलेली असणार. मी विचारते, "कोणाकोणाला तेव्हा वाईट वाटलं होतं, हात वर करा", आणि ७५ वर्षांचे हात वर होतात, बाजूला बायको बसलेली असताना.

मराठी जोड्या तुमच्या यादीत नाहीत हे मला खटकलं. १६ गाण्यांत निदान चार तरी मराठी ठेवा. रमेश देव-सीमा देव यांच्यापासून सुरुवात करा, पडद्यावर जोडी, १९६३ला लग्न, आणि १९७१च्या 'आनंद'मध्ये तर डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणून दोघं अशी वावरतात की ते अभिनय करतायत असं वाटतच नाही. २०२२च्या फेब्रुवारीत ते गेले, २०२३च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मग जयश्री गडकर आणि बाळ धुरी. तमाशापटांची राणी, आणि १९८७च्या जानेवारीत रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या 'रामायण'मध्ये ती कौसल्या नि तिचा नवरा दशरथ. तेव्हा आमच्या चाळीत टीव्हीला हार घालायचे, आंघोळ केल्याशिवाय समोर बसायचं नाही, आणि माझी आई दर वेळी कौसल्या दिसली की म्हणायची "अगं ही खरीच त्याची बायको बरं का". रामायण चालू असताना!

डॉ. काशिनाथ घाणेकरांची गोष्ट सांगायची तर कांचनताईंच्या 'नाथ हा माझा'मधूनच सांगा, २०१८च्या सिनेमातून नको. बायकोने नवऱ्याबद्दल इतकं प्रेमाने आणि तरीही काही न झाकता लिहिलेलं मराठीत फार कमी आहे, त्याची व्यसनं, लहर, स्टेजवर एन्ट्रीला पडणाऱ्या शिट्ट्या, सगळं आहे त्यात. पुस्तक हातात धरून एक परिच्छेद वाचा, पाठ करून बोलू नका. सचिन-सुप्रिया १९८४च्या 'नवरी मिळे नवऱ्याला'च्या सेटवर जमलेले, लग्न १९८५चं, आणि अशोक सराफ-निवेदिता यांचं लग्न गोव्यात मंगेशीला. आणि एक गंमत, १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'मध्ये अशोक आणि निवेदिता दोघं आहेत पण एकमेकांचे जोडीदार नाहीत, तो अश्विनी भावेबरोबर नि ती सिद्धार्थ रायबरोबर. हे विचारलं की सगळे डोकं खाजवतात, मग एकदम दिवा पेटतो.

संहितेचं थोडं तांत्रिक. दोन गाण्यांमधलं निवेदन दीड मिनिटाच्या वर नको, मधुबालेला आणि नर्गिसला तीन-तीन मिनिटं द्या, ती कसर बाकीच्यांच्यात भरून काढा, काही ठिकाणी तर नुसतं नाव आणि साल सांगून गाणं लावलं तरी चालतं. सालं मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा बदलावा लागता कामा नये. आणि तारीख सांगितली की ती बरोबरच हवी, कारण ज्येष्ठ नागरिक संघात किमान दोन जण असे असतात की ज्यांना सगळी सालं पाठ असतात आणि ते मध्यंतरात दुधाचा पेला घेऊन तुमच्याकडे येतात. ते आले तर त्यांना टाळू नका, त्यांच्या जवळ बसा, माझ्या संहितेतल्या निम्म्या दुरुस्त्या अशाच झाल्यात.

तुमची १६ गाण्यांची यादी मला 'विद्या'-'तराना'पासून सुरू होऊन 'बॉबी'पाशी थांबलेली दिसतेय, ती तशी काळाप्रमाणे लावू नका, लोक थकतात. मध्येच १९८४चं मराठी गाणं टाका, परत मागे १९५१ला जा. शेवटी मात्र 'जागते रहो'ची पहाट ठेवा. कोजागिरी आहे, गच्चीवर कार्यक्रम आहे म्हणालात, साडेअकरा झालेले असतील, चंद्र डोक्यावर असेल आणि दूध आटत आलेलं असेल. ते पाण्याचं सांगा, लताबाईंचं ते भैरवातलं गाणं लावा आणि माईक खाली ठेवा. आभार-बिभार अध्यक्षांना करू द्या, पण गाणं पूर्ण संपल्यावर, हे त्यांना आधी बजावून ठेवा. संहिता लिहून झाली की मला दाखवा, तारखा मी तपासून देते.